पुतळ्याची ड्यूटी

सत्त्याण्णव साली राष्ट्रीय सैन्य संग्रहालयाचं फिरतं प्रदर्शन मीरा रोडच्या एका शाळेत भरलं. ट्रकमधून येताना वरसाव्याच्या खड्ड्यांत जवानाच्या पुतळ्याचं मुंडकंच निखळलं. मग प्रदर्शनाच्या साहेबांनी मदतीला आलेल्या माजी सैनिक दाजी परबांना युनिफॉर्म चढवला, हेल्मेट भुवयांपर्यंत ओढलं आणि दोरीपलीकडे उभं केलं.

"फक्त बोलू नका," साहेब म्हणाले.

नेमकं तेच दाजींना जमत नसे. फौजेत त्यांनी सगळी नोकरी रेशनचं कोठार सांभाळण्यात काढली, पण सोसायटीच्या गेटवर ते रोज एक नवी चौकी जिंकत. दाजी दिसले की लोक जिन्याकडे पळत.

त्या दुपारी मात्र अख्खी सोसायटी प्रदर्शनाला आली आणि दाजी खांबासारखे उभे राहिले. नाकावर माशी बसली, तरी हलले नाहीत. शेजारचा पराग तर बघतच राहिला. "एकदम असली वाटतोय ना? इशिता, सॅल्यूट कर बेटा. असे असतात खरे जवान."

चिमुरडीने कडक सॅल्यूट ठोकला. सोसायटीतून मिळालेला हा पहिलाच! दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही त्यांनी परतवून लावलं.

संध्याकाळी गेटवर त्यांनी परागला गाठलं. "अरे, तो पुतळा नव्हता. मीच होतो!"



पराग हसत सुटला. "काय फेकताय दाजी! तुम्ही, आणि इतका वेळ गप्प?"