हुंदक्याच्या पुढचं गाणं

अपघातात गेलेला भूषण एकच इंग्रजी रॅप गाणं सारखं ऐकायचा. त्यात मागे एक बाई हुंदका द्यायची.

"पोराला कसलं दुःख होतं गं?" आई रोज विचारायची.

भूषणच्या बहिणीला, स्नेहाला चैन पडेना. सायबर कॅफेत बसून तिनं शोधलं, तर तो हुंदक्याचा तुकडा एका जुन्या, विसरलेल्या गाण्यातून उचललेला निघाला. त्या गाण्याची रेकॉर्ड शोधत वर्षभर हिंडल्यावर मालेगावात एका भंगारवाल्याकडे ती सापडली. त्यानं ती लावली. हुंदका पुढे खळखळून हसण्यात फुटला. बाई नुसतं हसू दाबत होती.

"नाशिक रोडचा एक भूषण यायचा दर रविवारी," भंगारवाला म्हणाला, "हेच लावून नाचायचा."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. आईनं विचारलं, "कसा नाचायचा गं तो?"