दुष्काळावरची जोडी

बहात्तरच्या दुष्काळात मी मुरूमच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. अकरावीच्या तुलनात्मक निबंधासाठी दोन लेखनांची जोडी मीच निवडली: दुष्काळावरची माझी छापून आलेली कथा आणि त्याच विषयावरचं, सोसायटीचे चेअरमन बंडप्पा यांचं छापील भाषण. साहित्य कशाला म्हणतात हे मुलांना न सांगता कळेल, अशी माझी खात्री होती.

हेडमास्तरांनी बक्षिसाला निवडलेला आपला निबंध माझ्या वर्गातल्या शिवलीलानं समारंभात चेअरमनसमोरच वाचून दाखवला. "सरांच्या कथेत नुसते ढग आहेत. साहेबांच्या भाषणात माणसं आहेत, त्यांची तहान आहे. मी भाषण वाचून दाखवलं तेव्हा आई रडली. कथा ऐकता ऐकता ती झोपली."

टाळ्या थांबल्यावर बंडप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, सर. लिवता येतंय तुमाला. फकस्त जरा माझ्यासारखं लिवत जावा."

 

मी मान डोलावली. नेहमीप्रमाणे मीच लिहून आणलेलं त्यांचं पुढच्या सभेचं भाषण माझ्या खिशात होतं.