उभ्याने खायची लापशी

सकाळची ओटची लापशी बाबा नेहमी उभ्यानेच खायचे. भिंतीला टेकून, वाडगा हातात धरून, वर चिमूटभर मीठ. "बसून लापशी खातात ते इंग्रज! वर साखरही घालतात लेकाचे," असं म्हणून आम्हा भावंडांना चिडवायचे. आम्ही तोवर टेबलाशी खुर्च्यांवरून भांडत असायचो.

पुढे एकेक जण पांगला. ग्लासगोत मी माझ्या मुलांनाही हीच शिस्त लावली. "आपण स्कॉटलंडच्या हायलंडची, डोंगरातली माणसं, लापशी उभ्यानेच खायची," मी ऐटीत सांगायचे आणि मुलं कुरकुरत वाडगे घेऊन उभी राहायची.

परवा बऱ्याच वर्षांनी गावी गेले. सकाळी बाबांनी लापशी घोटली, दोन वाडगे भरले. माझा वाडगा उचलून मी सवयीने भिंतीला टेकले. बघते तर बाबा चक्क टेबलाशी बसून खात होते.

"बाबा, तुम्ही बसून? आणि आपली रीत?"

त्यांनी पायानेच शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस गं एफी. आता खुर्च्या पुरतात."