पांढऱ्यावर हिरवं

हिल्डा धावपट्टीवरच्या फांद्या उपटत सुटली होती. एक उपटायची, बगलेत मारायची, की पुढची.

सकाळी गावानं मिळून त्या रोवल्या होत्या. युकॉन नदीकाठी आभाळ खाली उतरलं की बर्फ आणि ढग एकच होतात. जमीन दहा हात खाली आहे की शंभर, वैमानिकाला कळत नाही. पांढऱ्यावर स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांची रांग दिसली तरच तो विमान टेकवतो, नाहीतर परत फिरतो. हिल्डाला तेच हवं होतं. तिचा थोरला वैमानिक मुलगा याच पट्टीवर, अशाच उजेडात गेला होता. आज धाकटा वेस्ली विमान घेऊन येत होता.

येत होता तो गावातल्याच एलायझाच्या पोरीला न्यायला. तिचं आतडं फुटायच्या बेतात होतं आणि शस्त्रक्रिया शहरातच होणार होती.

एलायझानं येऊन हिल्डाचा दंड धरला. "डोकं फिरलंय तुझं? ठेव त्या फांद्या."

"नाही ठेवत."

"माझी पोर मरतेय तिकडं, सटवे."

"म्हणून माझा मारू? एक दिलाय या पट्टीला. दुसरा नाही द्यायची."

गावातले बाप्ये नुसते बघत उभे होते. पोर गेलेल्या आईला हात कोण लावणार? एलायझाला हिल्डापेक्षा त्यांचाच संताप आला. तिनं हिल्डाला जोरात ढकललं. हिल्डा बर्फात पडली, पण मोळी सोडली नाही.

तेवढ्यात इंजिनाची घरघर आली. एलायझाच्या कमरेचा रेडिओ खरखरला.

"मला पट्टी दिसत नाहीये," एक कोवळा आवाज म्हणाला. "मी क्रेग. वेस्ली तापानं फणफणलाय, म्हणून मी आलोय. फांद्या लावल्यात ना?"

हिल्डा उठली. बर्फ झटकला. मोळी सोडली आणि गुडघ्यांवर बसून एकेक फांदी पुन्हा रोवायला लागली, सरळ रांगेत, भराभर.

"बघत काय बसलात? लावा की," ती बाप्यांवर खेकसली.

एलायझाही शेजारी बसली. राग अजून तिच्या नाकावर होता.

"याला आई नाही का गं?" तिनं विचारलं. विचारतानाही तिचे हात फांदी रोवतच होते.

"असेल की," हिल्डा म्हणाली. "पण ती इथं नाही."