पातळ पूल

तपासण्यासाठी आलेला लेख बाईंनी उघडला, दोन ओळी वाचल्या आणि चहाचा कप तोंडापाशीच थांबला. लेख त्यांचाच होता.

“अहो, इकडे या लवकर! फजिती झाली.”

त्यांचे यजमान आतून आले. जन्मभर लोकांचे दात उपटले होते त्यांनी, त्यामुळे कुणी ओरडलं म्हणून घाबरायची त्यांना सवय नव्हती. “आता काय?”

काय ते सांगायला बाईंना थोडं मागे जावं लागलं. विद्यापीठाने त्यांना, म्हणजे गणिताच्या निवृत्त प्राध्यापिकेला, एक काम दिलं होतं. अभियांत्रिकी आणि उपयोजित गणिताचं एक जुनं त्रैमासिक मान्य यादीत ठेवावं की वगळावं, ते ठरवायचं. यादीतून गेलं की त्यात कुणी लेख पाठवणार नाही आणि वर्षभरात ते बंद पडेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याचा संपादक होता कानस.

कानस हा बाईंचा कॉलेजातला सोबती. कुणाचंही लिखाण हातात पडलं की तो ते घासत बसायचा, म्हणून हे नाव. तो नुकता संपादक झाला होता, तेव्हा बाईंनी मोठ्या हौसेने आपला पहिला लेख त्याच्याकडे दिला. तो परत आला. समासात लाल शाईने एकच वाक्य होतं, ‘जिथे “हे उघड आहे” असं लिहिलंय, तिथे काहीतरी झाकलंय.’ तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बाईंनी मात्र पुन्हा कधी ‘हे उघड आहे’ लिहिलं नाही. प्रत्येक पायरी दाखवायची, मग पानं वाढली तरी चालतील. रागाने लागलेली सवय, पण लागली ती लागलीच.

तर आता त्रैमासिक तपासायचं कसं? गुळगुळीत मुखपृष्ठ आणि आत सल्लागारांची लांबलचक नावं, यावर बाईंचा विश्वास नव्हता. समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घालून त्यांनी टोपणनावाने एक लेख रचला. विषय पुलाच्या कंपनांचा. पुलाचं जे टोक भिंतीत घट्ट बसवलेलं असतं, ते हलत नाही. तिथलं हलणं म्हणजे शून्य. बाईंनी नेमकं त्यानेच भागलं, आणि शून्य दिसू नये म्हणून त्याला अक्षरांचा बुरखा घातला. मग गणित सुटलं उधळलेल्या बैलासारखं. शेवटी सिद्ध झालं की पूल जितका पातळ, तितका मजबूत!

“मग पूल नसलेलाच सगळ्यात बरा,” यजमान म्हणाले.

“थट्टा पुरे. हा लेख त्यांनी छापला, तर न वाचता छापतात हे कळलं असतं. पण कानसाने तो तपासायला पाठवला कुणाकडे? माझ्याकडे! मी चूक दाखवली तर तो पास, नाही दाखवली तर नापास. परीक्षा घ्यायला गेले आणि पेपर मलाच सोडवायचाय.”

“आपलेच दात, आपलेच ओठ,” यजमान खुशीत म्हणाले. “म्हणजे माझ्याच धंद्यातलं की गं. पण सोपं आहे. ‘छापावा’ म्हण. इतकी वर्षं त्याला पाण्यात बघतेयस, एकदाचा बुडेल.”

बाईंनी बोट पडद्यावरच्या ‘छापावा’ या बटणावर नेलं. त्यांना लाल शाई आठवली. ती वाचल्यावर ग्रंथालयाच्या जिन्यात बसून रडलेली मुलगी आठवली. बोट तिथेच रेंगाळलं.

“फक्त एक कर,” यजमान म्हणाले. “लेकीकडे जायच्या वाटेवर नदीवर नवा पूल होतोय ना, तो बांधणाऱ्याला हा अंक दाखवू नकोस.”

बाईंनी बोट मागे घेतलं. खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला बसल्या. स्वतःला असं झापलं, असं झापलं की गालांवर लाली चढली. शून्याचा बुरखा ओढून काढला. ‘पूल पातळ आहे की लेखकाची अक्कल, हे आधी तपासावे,’ असंही लिहून टाकलं. सगळ्यात शेवटी, बोटं आपोआप चालावीत तसं एक वाक्य उमटलं. ‘चौथ्या पानावर “हे उघड आहे” असं लिहिलंय, तिथेच सगळं झाकलंय.’

ते त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, पण खोडलं नाही. मग त्यांनी अभिप्राय पाठवून दिला. ही परीक्षा बाद धरा, असं अध्यक्षांना सांगायचं त्यांनी ठरवलं.

दुपारी फोन वाजला. आवाज म्हातारा झाला होता, खरखर तीच होती.

“लेख वाचला, अभिप्रायही वाचला,” कानस म्हणाला. “दोन्ही एकाच हातचे.”

“काहीतरीच! कशावरून?”

“अगं, आख्ख्या लेखात एकेक पायरी हाताला धरून चालवलीस, आणि एकाच जागी ‘हे उघड आहे’? तुझं सगळं वाचत आलोय मी. पहिल्या लेखानंतर तू ते कुठे लिहिलंयस?”

“म्हणजे माझा आहे हे ओळखून मलाच पाठवलास? आणि मी ‘छापावा’ म्हटलं असतं तर? तुझं त्रैमासिक बुडालं असतं, मेल्या!”

“छापला नसताच. चूक मला पहिल्याच वाचनात दिसली होती.”

“मग माझ्याकडे कशाला धाडलास?”

“डोळे चाललेत गं माझे. पुढच्या अंकापासून ही खुर्ची कुणाला द्यायची, ते बघत होतो.”