आमेन म्हणेस्तोवर

ऐक लेका, मधी बोलू नको, नुस्तं ऐक.

डोंगरकडा गावाच्या कडेला शिलासचं कुडाचं घर. सकाळची वेळ. आत त्याची बायको रिबका, पुढ्यात दोन लेकरं, सुवार्ता मोठी अन् थोमा धाकटा. ही ख्रिस्ती झालेली माणसं, पण गावच्या शाळेत ह्यांच्या लेकरायला अजूनबी आत घेत न्हाईत, बाहेर उन्हात बसवतात. म्हणून रिबकानं घरीच शाळा मांडलेली. ती मिशनच्या शाळेत शिकलेली ना! पाट्या दोन, छडी एक. अन् नेम असा, की आधी प्रार्थना, अन् आई आमेन म्हणेस्तोवर कुणी डोळे उघडायचे न्हाईत.

"आई, ताईनं डोळे उघडले!" थोमा वरडला.

"तुला कसं दिसलं रे मग?"

छडी दोघायलाबी बसली. प्रार्थना उरकली, पाट्या मांडीवर आल्या, तेवढ्यात बाहेर कुत्रं भुंकलं.

रिबकानं कुडाच्या फटीतून पाह्यलं. गावच्या पाटलाचा, उकंडरावाचा गडी तातेराव, खांद्यावर कुऱ्हाड. मागं दोघं, काठ्या घेऊन. काहून आले ते तिला बराबर ठाऊक. पहाटं उकंडरावाचा बैल मेला अन् तो वढून टाकायला शिलासला बोलावणं आलं, तर शिलास म्हणला होता, "निजाम गेला, आता वेठबी गेली. मी ढोर वढणार न्हाई."

शिलास अंगणात गेला. रिबकानं दाराची ताटी लोटली.

"डोळे मिटा."

"झाली की प्रार्थना!"

"परत."

लेकरांनी हात जोडले. रिबका मोठ्यानं म्हणायला लागली, "हे देवा, शेळीसाठी तुझे आभार."

बाहेर पहिली काठी बसली. ओल्या पोत्यावर बसावी तशी.

"वढ्याच्या पाण्यासाठी आभार. भाकरीसाठी आभार."

दुसरी. तिसरी. शिलास वरडत नव्हता, लेकरं ऐकतील म्हणून दात आवळून पडला होता. पण गुडघ्यावर बसली तवा त्याच्या तोंडून जनावरागत आवाज निघाला.

"आई, कोण रडून राहिलंय?"

"प्रार्थनेत बोलू नये. हे देवा, पाटीसाठी आभार, पाटी पुसायच्या चिंधीसाठी आभार..." काठ्या थांबंनात अन् घरात आभार मानायला काई उरंना, तर लेका, तिनं एकेका कोंबडीसाठी आभार मानायला सुरवात केली. तांबडी. पांढरी. लंगडी.

ताटी लाथंसरशी आत पडली. दोघांनी शिलासला केसाला धरून फरफटत आणलं. तोंड फुटलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. एकानं त्याला दाबून धरलं. दुसऱ्यानं त्याचा उजवा हात उंबऱ्यावर आडवा केला अन् मनगटावर पाय देऊन उभा राहिला.

तातेरावानं आत पाह्यलं. दोन लेकरं, हात जोडलेले, डोळे घट्ट. थोमाच्या पापण्या थरथरून राहिल्या होत्या, पण मघाची छडी आठवत असंल, उघडल्या न्हाईत.

तातेराव हसला. "वा गं मास्तरीणबाई, बराबर शिकिवलंस! वसमतला नवे पोलीस आलेत म्हणं, समद्यायला इचारून राहिलेत. सांगणार कोण? ह्यायनी तर काईच पाह्यलं न्हाई. अन् तुझ्या एकटीचं कोण ऐकतंय? नवऱ्यासाठी खोटं बोलती म्हणतील." मग तो शिलासकडं वळला. "ह्याच हाताला ढोराचा इटाळ व्हायला लागला ना रे?"

कुऱ्हाड वर गेली.

रिबका थांबली. शिलासनं उरल्या एका डोळ्यानं तिच्याकडं पाह्यलं. मान हलवली. नको. लेकरायला दावू नको.

"आमेन," रिबका म्हणली.

"आमेन," लेकरं म्हणली, रोजच्यासारखी, अन् दोघांनी डोळे उघडले.

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तवा मला वाटलं होतं कुऱ्हाड थांबंल. न्हाई थांबली लेका. बोटं उंबऱ्याच्या आत पडली, पाटीपाशी. थोमाच्या गालावर रक्त उडालं. त्यानं ते पुसलंबी न्हाई.

"डोळे मिटा रे," तातेराव म्हणला.

लेकरं बघूनच राहिली.

"मिटा म्हणतो ना!"

सुवार्तानं आईकडं पाह्यलं. मग पोरगीनं नजर फिरवली, पाटीवरचं अक्षर लावून वाचावं तशी, सावकाश.

"तातेराव," ती म्हणली. मग मनगटावर उभा होता त्याला, "व्यंकट."

तिसऱ्यानं तिची नजर यायच्या आधीच तोंडावर उपरणं वढलं अन् पळाला. त्याच्यामागं व्यंकट. तातेरावानं कुऱ्हाड उपसायला हात घातला, ती उंबऱ्यात रुतलेली. वढली, निघंना. दोन लेकरं बघून राहिलेली. मग तोबी मागं मागं सरकत अंगणाबाहेर गेला, कुऱ्हाड तशीच सोडून.

रिबका पदर फाडून हात बांधायला बसली. शिलास एवढंच बोलला, "काहून दावलंस गं लेकरायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पुन्हा शाळा. सुवार्तानं डोळे मिटले. थोमानं मिटलेच न्हाईत, अख्खी प्रार्थना दाराकडं बघत बसला. रिबकाला दिसलं. तिनं छडी उचलली न्हाई.

आता तू सांग लेका. तू तिथं असतास, तर आमेन कवा म्हणला असतास, घावाच्या आधी का मागून?