हातानं दाबायचा पंप

उंद्रीच्या तुळशीरामकाकांनी ट्रकचा डिझेल ओढणारा जुना पंप माझ्या दुकानाच्या काउंटरवर आपटला. “हा गेला कामातून. आता बॅटरीवाला दे बे. चाबी फिरवली का गाडी चालू.” मग सोबतच्या अन्नपूर्णाकाकूंकडे हात केला. “रोज पहाटे मी सीटवर बसतो अन् तुही काकू खाली उभी राहून पंप दाबते. थंडीत बोटं आखडतात तिचे.” मी बॅटरीवाला पंप काढला. काकूंनी तो उलटसुलट फिरवून पाहिला. “याले दाबाची जागा कुठी हाये?” “लागतच नाही, काकू.” “मंग नको. हातानं दाबाचाच दे बापू.” काका चिडले, “काऊन वं? त्रास गोड लागते काय?” “बॅटरीवाला लावला, तं तुमी मले न उठवताच निघून जासान.” बॅटरीवाला पंप काकांनीच खोक्यात ठेवला. “हातवाला दे. अन् लोकरीचे हातमोजे कुठी भेटतीन?”